चंदेरी रंगाचं जर्मन इंजिन

“युद्धात गोळ्या झेलत उडालं, आणि आमच्याकडे पाच मिनिटं चालणार नाही?” अबू तलालनी विचारलं.

“युद्धात ते नवीन होतं, सर.”

अबू तलाल हे रियाधमधल्या एका खाजगी एव्हिएशन इन्स्टिट्यूटचे मालक आणि माझे कफील. म्हणजे माझा इकामा, तिथं राहण्याचा परवाना, पर्यायानं माझं तिथलं अस्तित्व, त्यांच्या मर्जीवर. मी एअर फोर्समधून निवृत्त झालेला इंजिनवाला. तिथे इन्स्ट्रक्टर होतो. त्यांनी युरोपातल्या एका लिलावात पहिल्या महायुद्धातलं जर्मन विमानाचं इंजिन उचललं होतं. एका ओळीत सहा सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं. नव्या हॉलच्या उद्घाटनाला ते लाकडी पंख्यासकट सुरू करायचं होतं. पाहुणे पंख्याशेजारी उभे राहून फोटो काढणार होते. बहुधा शेवटचा.

मी अडचण सांगितली. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरभोवती पातळ पत्र्याचं जॅकेट असतं, त्यातून पाणी फिरतं. आमची जॅकेटं गंजून चाळण झाली होती. पाणी गळालं की इंजिन तापणार आणि पिस्टन जाम होणार. त्यात पंख्याला मुळाशी चीर. मिनिटाला हजारावर फेरे घेताना पातं तुटलं, तर ते कोणाला लागेल हे त्याचं तेच ठरवणार.

अबू तलालनी तातडीनं उपाय केला. जॅकेटांना चंदेरी रंग मारून घेतला, पंख्याला वॉर्निश. “खलास! आता नवीन झालं.”

ते सौदीकरणाचे दिवस. माझ्या जागी फहद नावाच्या सौदी इंजिनिअरला बसवायचं ठरलं होतं, आणि त्याला तयार करायचं काम अर्थातच माझंच. आपला खड्डा आपणच खणायचा, तोही नीट मापात.

फहदनं इंजिनाभोवती एक चक्कर मारली. “हे चालू असताना तुम्ही इथे उभे राहाल?”

“नाही.”

“मग मीही नाही राहणार. पाणी भरून बघू या.”

आम्ही पाणी भरलं. थोड्या वेळानं चंदेरी रंगाला फोड आले, मग ते फुटले आणि नव्या संगमरवरी फरशीवर कारंजी सुरू झाली. फहदनं अबू तलालना बोलावून आणलं आणि अरबीत सगळं सांगितलं. जॅकेट, पिस्टन, पंख्याची चीर. माझंच लेक्चर, फक्त उजवीकडून डावीकडे. शेवटी म्हणाला, “हे सुरू करायचं असेल, तर मी राजीनामा देतो.”

अबू तलालनी फरशीकडे पाहिलं, फहदकडे पाहिलं आणि ते माझ्यावर उखडले. “इतकं गंभीर होतं, तर तू मला आधी का सांगितलं नाहीस?”

“चुकलं, सर,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

उद्घाटनाला पंखा काढलेलं इंजिन दोरखंडाच्या आड शांत उभं राहिलं आणि स्पीकरवर इंजिनाचा आवाज लावला. पाहुणे थक्क. “जरासुद्धा हादरत नाही!”

“जर्मन माल,” अबू तलाल म्हणाले.

त्यानंतर लवकरच माझा फायनल एक्झिट, म्हणजे कायमचा देश सोडायचा व्हिसा, लागला आणि माझी खुर्ची फहदला मिळाली. योग्य माणसाला मिळाली, हे मात्र मला मान्य करावं लागलं.

आता नोकरीला लागणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो: दोष शोधून काढणं हे निम्मं काम. तो कोणाच्या तोंडून साहेबाच्या कानावर घालायचा, हे शोधणं उरलेलं निम्मं. त्याचं ट्रेनिंग कुठेच देत नाहीत.