लवंगीचा उपास

मी देवाला शिव्या घातल्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला सात्त्विक बाई समजणार नाही. आमच्याकडे सत्यनारायण होऊन एकच दिवस झाला होता, केळीचे खांब अजून दारात सुकत होते, आणि मी देवघरासमोर उभी राहून ओरडत होते. तुझ्या प्रसादानेच माझ्या घरातला जीव जाणार असेल तर आजपासून इथे दिवा लागणार नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. जीव होता एका सशाचा. हे ऐकून लोकांना हसू येतं. येऊ दे.

लवंगीला आमच्या लेकीने आणलं. ठेंगण्या जातीची ती, पुरती वाढली तरी ओंजळीत मावेल एवढीच, कान आखूड आणि डोळे टपोरे. दिसायला कापसाचा बोळा, पण स्वभाव असा की नाव शोधायला वेळच लागला नाही. खायला उशीर झाला की ताटली उलथवायची, उचलायला गेलं की चावायची, आणि घरात कोणाचा आवाज चढला की मागचा पाय फरशीवर दाणकन आपटायची. पुढे लेक नोकरीसाठी हैदराबादला गेली आणि ही माझ्याकडे राहिली. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत माझ्या तोंडी लागायची कोणाची हिंमत नाही. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाडीच्या गोदामात कामाला आहे, तो माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायच्या आत गाडीला किक मारतो. मला उलट उत्तर देणारी घरात एवढीच होती, म्हणूनच माझा जीव तिच्यावर जडला. पण तेज जितकं जास्त तितकी ही जात नाजूक. वैशाखात तिच्यासाठी कूलर दिवसभर चालवावा लागतो. तिला घट्ट धरायचं नाही, कारण लाथ झाडताना स्वतःचाच मणका मोडून घेते. आणि पोट तर असं की जरा भलतंसलतं गेलं की बंदच पडतं.

हे सगळं मी घरात शंभरदा बजावलं होतं. तरी पूजेच्या दिवशी, मी पाहुण्यांना वाढत असताना, सासूबाईंनी तिला प्रसादाचा शिरा भरवला. साजूक तुपातला, साखरेने थबथबलेला. लवंगीने चाटूनपुसून खाल्ला म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. ताटली तशीच भरलेली, एक लेंडी पडलेली नाही. मी पाय मुद्दाम आपटला, तरी तिने उत्तर दिलं नाही.

"काहून दिलं तुम्ही तिले? कितीदा सांगतलं होतं मी!" मी सासूबाईंवर तुटून पडले. त्या उमरेडच्या, हातमागावर दिवस काढलेल्या घरातल्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या. "परसाद होता वं बाई," त्या म्हणाल्या. "पायाशी येऊन उभी राहिली. देवाच्या परसादाले नाही कसं म्हणू मुक्या जीवाले?" त्यांच्या त्या शांतपणाने तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमचं देवदेव तुमच्यापाशी ठेवा, मी म्हणाले, आणि मग देवघराकडे वळून ते सगळं बोलले जे वर लिहिलं आहे.

जनावरांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. बाकावर लवंगीची टोपली मांडीवर धरून मी बसले आणि माझं तोंड सुरूच होतं, फोनवर लेकीशी, तिच्या आजीबद्दल. शेजारी एक आडव्या बांध्याची बाई बकरीचं पिल्लू घेऊन बसली होती. बराच वेळ तिने ऐकलं आणि मग एकदम माझ्यावरच खेकसली, "किती बोलून राहिली वं तू! तुही सासू जेवली काय सकाळपासून? इचारलं काय?"

"तुम्ही तुमच्या बकरीकडे पाहा," मी म्हणाले. खरं तर मला थोडं चमकायला झालं होतं, कारण माझ्याशी त्या आवाजात कोणी बोलत नाही. पण तेवढ्यात आमचा नंबर आला आणि ते डोक्यातून गेलं. डॉक्टरांनी सुई टोचली, औषध दिलं, पातळ खाऊ सिरिंजने तोंडात सोडायला सांगितला. उद्या संध्याकाळपर्यंत हिने स्वतःहून गवत खायला हवं, म्हणाले. नाही खाल्लं तर त्यांच्या हातात फारसं काही उरणार नव्हतं.

ते दोन दिवस मी कोणाचं तोंड पाहिलं नाही. स्वयंपाक करून झाकून ठेवायचा आणि लवंगीला घेऊन खोलीचं दार लावून घ्यायचं, एवढंच. दुकानातून आणलेलं वाळलेलं गवत तिने हुंगलंसुद्धा नाही. सिरिंज लावली की तोंड फिरवायची. मला तिची कीव येण्याऐवजी रागच येत होता. तिचा राग, शिऱ्याचा राग, सासूबाईंचा राग, आणि सगळ्यांच्या वर बसून गंमत पाहणाऱ्या त्याचा राग. मी मनात त्याला एकेक हिशेब विचारत होते. एवढ्याशा जिवाने तुझं काय बिघडवलं होतं? तुझ्या नावाने भरवलेला घासच काहून बाधावा? उत्तर यायचं नाही, आणि मी आणखी चिडायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड होता, मी तिला घेऊन बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसले. शेवटचा प्रयत्न म्हणून तिला हातात पक्कं आवळलं आणि सिरिंज तोंडात घातली. तिने अशी लाथ झाडली की ती माझ्या हातातून सुटून फरशीवर पडली. पडली आणि हललीच नाही. मणका मोडला, मला वाटलं, आणि तो मीच मोडला. त्या क्षणी माझ्यातला सगळा आरडाओरडा संपला. सिरिंज बाजूला ठेवली, दोन्ही हात मांडीवर उघडे टाकले आणि देवघराकडे पाहून म्हणाले, "घेऊन जायची असेल तर घेऊन जा बाबा. मी नाही भांडत आता." रडू आलं नाही. नुसती थकले होते.

किती वेळ गेला कोण जाणे. लवंगी उठली. लंगडली नाही. हळूहळू, माझ्याकडे पाठ करून, ती देवघराच्या पाटापर्यंत गेली. आमचं देवघर खालीच आहे, जमिनीलगत. तिथे गणपतीच्या पायाशी दूर्वांची एक जुडी होती. तिने ती हुंगली. मग एक काडी ओढली. मग दुसरी. ते बारीक कुरकुर चावणं कूलरच्या घरघरीतही मला ऐकू आलं.

डॉक्टर नंतर म्हणाले की औषध लागू पडलं. तेही खरंच असेल. मी वाद घालत नाही. पण भानावर आल्यावर माझ्या डोक्यात आलं, की पूजाच बंद होती तर दूर्वा आल्या कुठून? मागे कूलरचं पाणी सांडतं, तिथे वैशाखातही दूर्वा हिरव्या असतात. सासूबाई रोज तिथूनच खुडतात.

मी हाका मारत स्वयंपाकघरात गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढरा पडलेला. "आई, खाल्लं तिनं! तुमच्या दूर्वा खाल्ल्या!" त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, "दिवा नको म्हणलं होतं तुनं. दूर्वाचं तं काही बोलली नव्हती."

आणि तेव्हा मला ओट्यावरचं झाकलेलं ताट दिसलं. कालचंही तसंच होतं, त्याच्या शेजारी. बकरीवाल्या बाईचा प्रश्न आत्ता कुठे माझ्या कानात शिरला. "तुम्ही जेवल्या नाही?" मी विचारलं.

"तिनं खाल्ल्याबिगर नाही खात म्हणलं होतं गणपतीले. माह्या हातानं झालं होतं ना वं."

त्यांना शुगर आहे. रोजच्या गोळ्या आहेत. मी इतकी भडकले की बस. "मरायचं होतं काय तुमाले?" मी किंचाळले, "ससा वाचला असता आन् तुम्ही गेल्या असत्या तं मी कोणाशी भांडली असती?" तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून दाणकन आवाज आला. लवंगीने पाय आपटला होता. सासूबाई हसल्या, आणि मग मला रडू आलं ते थांबेचना. रडत रडतच मी मऊ भात कालवला, वर साधं वरण, आणि त्यांनी पहिला घास घेतला तेव्हाच देवघरात दिवा लावला.

पुढच्या खेपेला दवाखान्यात ती बकरीवाली बाई पुन्हा दिसली, नंबरावरून कोणाशी तरी जोरात भांडत होती. मी जाऊन तिच्या पाया पडले. "याड लागलं काय वं बाई?" म्हणून तिने पाय मागे घेतले.

माझा स्वभाव काही बदललेला नाही, गल्लीला विचारा. देवाशीही मी अजून भांडते. पण त्या संध्याकाळी माझे हात उघडे पडले तेव्हाच काहीतरी त्यांत येऊ शकलं, हे मी विसरत नाही. माझं तोंड सुरू असताना कोणीतरी उपाशी राहून माझ्यासाठी मागत होतं, हेही विसरत नाही. आता रोज निरांजन हातात घेतलं की आधी थांबते, मान वळवून स्वयंपाकघरात विचारते, "आई, जेवल्या काय?" तिकडून हो आलं की मगच काडी ओढते.