वितळताना आखडलेली पट्टी

यवतमाळच्या कॉलेजात एम.एस्सी.ला असताना मी माशाच्या मांसावर प्रकल्प केला. बर्फात आणि फ्रीजरमध्ये ठेवल्यावर मांसाचे धागे कसे बदलतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं होतं. आमच्या घरी मासा कधी शिजला नव्हता. त्यामुळे जिवंत मरळ आणायचं आणि मारायचं काम प्रयोगशाळेतल्या शिपाईकाकांनी अंगावर घेतलं. काका झरी जामणीकडचे, निवृत्तीला आलेले.

ताज्या मांसाचे धागे काचपट्टीवर गुलाबी आणि दाट दिसायचे. चार दिवस बर्फात राहिलेले सुटे व्हायचे. गोठवलेल्यात पांढरी भोकं पडायची, जिथे आत बर्फाचे खडे झाले होते. ती भोकं मला घरी जेवतानाही दिसायची.

एका माशाच्या बोटभर पट्ट्या मी तो मारल्या मारल्या कापून फ्रीजरमध्ये टाकल्या. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, त्यातली एक काचेच्या बशीत वितळायला ठेवली आणि वहीत नोंद करायला वळले. परत बघितलं तर पट्टी आखूड झालेली. चुकून दुसरीच काढली की काय, असं वाटलं. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत तिचं एक टोक वर उचललं गेलं आणि सावकाश आत वळलं. भोवती गढूळ पाणी सुटलं.

काकांनी बशीला हात लावला का, म्हणून मी विचारलं. ते दाराशीच उभे होते.

"मी कायले हात लावू?" ते हळूच म्हणाले. "ताई, याचं मरणं अर्धंच राहून गेलतं. ते आता मरून राह्यलं."

मी मार्गदर्शक मॅडमकडे धावले. त्यांनी शांतपणे समजावलं: मासा मेला तरी मांसात थोडी ऊर्जा उरते. ती संपली की मांस आखडून ताठरतं. मी त्याआधीच ते गोठवलं होतं, म्हणून राहिलेलं काम वितळताना झालं. मला धीर हवा होता. पण मॅडमही काकांचंच म्हणणं सांगत होत्या.

अजून सात पट्ट्या उरल्या होत्या. प्रकल्पासाठी त्या वितळवणं भाग होतं. काकांनी फ्रीजर उघडायला नकार दिला, पण मला एकटीला सोडून गेलेही नाहीत. रोज दुपारी मी एक पट्टी बशीत ठेवायचे. ती आखडून पुरती थांबेपर्यंत आम्ही दोघं स्टुलांवर बसून राहायचो.