हिरव्या बाटलीतला एक घोट

मेडशी गावच्या एका माणसाला चोरून पिताना पकडलं आणि मी कामावरून काढलं, असं मालेगावात अजून सांगतात. हे खोटं मीच पसरवलं. खरं सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विषय निघाला की उठून जायचो.

माझा तिथे बिअर बार होता. हा माणूस काउंटर सांभाळायचा. बौद्ध, पंचशील पाळणारा. पोटासाठी बिअर विकायचा, पण थेंब तोंडात घेत नसे. गावच्या विहारात वंदना तोच घ्यायचा.

त्या उन्हाळ्यात हिरव्या बाटल्यांचे खोके मी हलगर्जीपणाने शेडबाहेर उन्हात ठेवले होते. स्वस्तातली फिकी लागर बिअर, हिरव्या काचेतून ऊन लागलं की नासणारी. तिला स्वतःची चव जेमतेम, त्यामुळे बिघाड लपत नाही. एका दुपारी त्याने गिऱ्हाइकासाठी बाटली ओतली, वास घेतला आणि ग्लास मागे ओढला.

"भाऊ, हे देऊ नका. ऊन लागलं हिले."

"रंग पाय, फेस पाय. काय झालं तिले?"

"फेस बराबर हाय. वास मारून राह्यली."

चार टेबलं भरली होती. एक जण खिदळला, "न पिणारा चव सांगून राह्यला बे!"

माझं डोकं फिरलं. माझ्याच गिऱ्हाइकांसमोर माझ्या मालाला नाव ठेवतो?

"पिऊन सांग. नाई तर उद्यापासून येऊ नको."

त्याने माझ्याकडे पाहिलं. घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. "खराबच हाय, भाऊ," म्हणाला आणि एसटी स्टँडकडे निघून गेला.

मी तोच ग्लास चाखला. आधी नुसतं पाणी, मग जळक्या रबराचा वास. तरी चव लपवायला ग्लासात मीठ टाकून सगळे खोके विकले. तो परत आला नाही, तेव्हा पिताना पकडला म्हणून सांगत सुटलो. मेडशीत विहारात त्याला वंदनेसाठी पुढे बसवणं बंद झालं. त्या चार टेबलांना खरं माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. हरामखोर सगळे, आणि पहिला मी.

गेल्या वर्षी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा दिला.

"कसं येणं केलं, भाऊ?"

"इकडून जाऊन राह्यलो होतो."

कप खाली ठेवून परतलो. पोळ्यानंतर तो वारला. म्हणायचं होतं ते एवढंच: तू बराबर होता. तुले म्याच पाजली अन् म्याच बदनाम केलं. माफ कर मले.