वेरूळच्या रस्त्यानं, चाळीसच्या आत

माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ 'वेरूळ' लिहिलंय, ते गुरुजींनी अंदाजानं ठोकून दिलंय. मी जन्मलो रस्त्यात. खुलताबाद आणि वेरूळच्या मधी कुठंतरी, मेंढरं चालली असताना. नेमकं कुठं, ते फक्त माझ्या मायला, बानाबाईला, ठाऊक.

आणि माय आता विसरायलीय. औंदा दोनदा माझ्या बायकोला, शीलाला, तिनं दगडाबाई म्हणून हाक मारली. दगडाबाई म्हणजे तिची बहीण, तिला जाऊन पंधरा वर्षं झाली. मायच विसरली, तर मी कुठला ते कोण सांगणार?

जागा दाखव म्हणून मी तिला एसटीनं नेलं, भाच्याच्या जीपमधून नेलं. ती खिडकीला नाक लावून बसायची आणि वेरूळ आलं की म्हणायची, "मागं गेलं वाटतं." मी चिडायचो. अर्धी हयात मेंढरांमागं चाललेली बाई, वैजापूरपर्यंतची एकेक विहीर तिला तोंडपाठ, आणि हीच जागा सापडू नये?

खरं सांगू का, माझा राग तिच्यावर नव्हता, आबावर होता. "सकाळी तू झालास, दुपारी आमी पुढं निघालो," एवढंच माय सांगायची. ओल्या बाळंतिणीला त्याच दिवशी चालवत नेणारा बाप! आबा वारला तेव्हा समदे रडले. मी रडलो नाय.

तर परवाच्या रविवारी उस्मानपुऱ्यात मोटारसायकलला दोन्ही टायर नवे टाकले. कडुबा मिस्त्रीनं बजावलं, "त्रिंबकभाऊ, कोरं टायर निसरडं असतंय. पहिले शंभर किलोमीटर चाळीसच्या आत. करकचून ब्रेक मारायचा नाय, वळणावर झुकवायची नाय. रबराचे हे केस झिजू द्या, मंग उडवा काय उडवायची ती." मी पडलो वायरमन, इथून तिथं पळणारा. सत्तरच्या खाली गाडी चालवतात हेच मला माहीत नाय.

घरी सांगितलं, टायर मुरवून येतो. माय उंबऱ्यात बसली होती.

"नव्या वहाणा मुरवत्यात तसं?"

"व्हय. हळूहळू."

"हळू जाणार? मंग मी बी येते."

एरवी माझ्या गाडीला ती भानामती म्हणते, बोटसुद्धा लावत नाय.

निघालो. छावणी मागं पडली, शरणापूर आलं. पेरूंचा वास यायचा आणि बराच वेळ सोबत राहायचा. दौलताबादचा किल्ला जागचा हलेनाच, नुसता सावकाश अंग वळवत होता. माय मागून बोलत होती. इथं लांडगा आला हुता. इथं काळी मेंढी व्याली. तिच्या बोलण्याला घाई नव्हती आणि गाडीलाही नव्हती. मला वाटलं, आपण चाललोच नाय, रस्ताच आपल्याखालून वाहायलाय. इतकी वर्षं या रस्त्यानं गेलो, पण ही कडुलिंबं, हे पडके दर्गे कधी दिसलेच नव्हते. लई बरं वाटत होतं.

खुलताबादच्या पुढं ती गप झाली. आरशात पाहिलं तर डोळे मिटलेले. म्हटलं, झोपली वाटतं.

"थांब," ती म्हणाली.

हळूच थांबवली. कणसंवाल्याची एक छत्री, लोखंडी कठडा, दुसरं काही नाय.

"इथं? अगं, डोळे तर मिटलेले तुझे!"

"उघडे ठेवले की समदं नवंच दिसतंय. चढ सरला, वारं डाव्या गालाला लागलं. इथंच." उतरली, वहाणा काढल्या, कठड्यापाशी बसून जमिनीवर हात ठेवला. "इथं तुझी वार पुरली, त्रिंबका."

मी पण बसलो. मनातलंच तोंडातून निघालं. "आणि त्याच दुपारी त्यानं तुला चालवलं."

"चालवलं?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "कोण म्हणलं? घोड्यावर बिऱ्हाड हुतं. तुझ्या आबानं समदं उतरवून आपल्या डोक्यावर घेतलं. मला घोड्यावर बसवलं, तू पदरात. म्हणला, पोरगं कवळं हाय, हिसके बसत्याल. वेरूळपतूर लगाम धरून पायी गेला. दहा पावलं चालला की मागं बघायचा. मेंढरं बी कंटाळली!"

"मला कधी सांगितलं नाय ते."

"तू इचारलंस कधी? तुला निस्ती जागा पायजे हुती."

मी तिथंच रडलो. कणसंवाला बघत होता, बघू दे. आबा जाऊन दहा वर्षं झाली होती.

मग तिला मागं बसवलं, पदर नीट खोचायला लावला आणि वेरूळकडं उताराला लागलो. काटा विसावर. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून हैराण. थोडं गेलो की मी मान वळवून मागं बघायचो.

"पुढं बघ की मुडद्या," माय म्हणाली, "पाडशील मला!"

मी पुन्हा मागं बघितलं.