‘आले’ की ‘आलो’?

शिक्षक-खोलीत किस्से तपासायच्या वह्यांसारखे साचतात. एक गठ्ठा संपण्याआधी दुसरा येऊन पडतो. नाशिकहून एम.ए. करून मुरगूडजवळच्या या शाळेत मराठी शिकवू लागले, त्याला अवघे चार महिने झाले. तरीही माझ्या वाट्याचे किस्से आहेतच. बहुतेकांत मी घाबरलेली आहे, हे आधीच नमूद करते.

*

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी धीर दिला, "मॅडम, दिवाळीपर्यंत हसायचं न्हाय. वर्ग हातात राहतोय."

मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने आठवी ‘ब’मध्ये शिरले. पहिल्या बाकावरची सानिका उठून म्हणाली, "मॅडम, दाढ दुखतीया व्हय?"

*

आमच्या पाटीलबाई म्हणजे सव्वीस वर्षांची नोकरी आणि खणखणीत आवाज. मी संधी शिकवून "समजले का?" असे विचारते आणि सगळा वर्ग एका सुरात "व्हय!" म्हणतो, हे मी त्यांना समाधानाने सांगितले.

"उद्या न शिकवताच इचार," बाई म्हणाल्या.

विचारले. "व्हय!" कालच्यापेक्षा मोठ्याने!

*

फळ्यावरचा रोजचा सुविचार माझ्याकडे आला. मी लिहिले, ‘चुकण्याचे भय हा शिकण्यातील सर्वांत मोठा अडथळा.’ मग ‘सर्वांत’वरच्या अनुस्वाराविषयी शंका आली. पुसला. कोश पाहिला. पुन्हा दिला. तोवर प्रार्थनेची घंटा झाली.

मागे पाटीलबाई उभ्या होत्या. "पोरी, ‘चुकायला भिऊ नका’ एवढं लिहायला किती भ्यालीस!"

*

इथल्या मुली ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात. एका सोमवारी सानिका धापा टाकत दारात उभी राहिली. "मॅडम, पळत आलो!"

मी फळ्यावर ‘आले’ लिहिले आणि तिच्याकडून सर्वांसमोर पाच वेळा म्हणवून घेतले. वर्ग हसला.

त्यानंतर सानिका वर्गात बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर. प्रश्न विचारला, की मान खाली. असे अकरा दिवस! तिच्या घरी जायला निघून मी दोनदा अर्ध्या वाटेतून परतले. पोर माझ्यामुळे कायमची मुकी झाली तर?

शेवटी पाटीलबाईंना सांगितले. दुरुस्ती व्याकरणदृष्ट्या योग्यच होती, हेही जोडले.

"योग्यच की! मी सव्वीस वर्षं मराठी शिकवतो, आणि घरात शिरताना ‘आलो’च म्हणतो."

मी हातातल्या वह्या उगाच पुन्हा रचू लागले. बाईंनी त्या बाजूला सारल्या.

"तूबी चूक की एकदा, पोरांसमोर."

*

मी चूक व्यवस्थित नियोजन करून केली. फळ्यावर ठळक अक्षरांत ‘दीवा’ लिहिले आणि सानिकाकडे पाहत थांबले.

पंधरा हात वर झाले. तिचा नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, मुद्दाम लिवलंय न्हवं?"

*

शनिवारी कविता शिकवत होते. मुख्याध्यापक अचानक दारात आले. "मॅडम, जरा ऑफिसात या. आत्ता!"

का बोलावले असेल? सानिकाच्या घरून तक्रार? हातातला खडू पडला. पुस्तक उलटे मिटले. गडबडीत मी दाराकडे धावले आणि ओरडले,

"आलो, सर, आलो!"

मी उंबऱ्यातच थिजले.

पहिल्या बाकावर सानिका उभी होती.

"मॅडम, ‘आले’. पाच वेळा म्हणा."