फुगलेल्या फळ्या

"बाकी फोटो झकास आहे. फक्त मागची ती मॉपवाली कापून टाक, राव," साहेब डिझायनरला म्हणाले.

लॅपटॉपवर आमच्या शहराच्या बहुउद्देशीय क्रीडा संकुलाचा जुना फोटो उघडा होता. रिबन, पाहुणे, चकाकणारं लाकडी मैदान. कोपऱ्यात लांब दांड्याचा मॉप धरून उभी असलेली एक बाई. साहेबांनी तिच्या तोंडावर बोट टेकवलं. बोटाला वेफर्सचं तेल होतं. बोट उचललं, डाग तिथेच राहिला.

"इतिहासात कशाला मॉपवाली," डिझायनर हसला. "कापतो, सर."

ती बाई माझी आई. संकुलाच्या त्या ऑफिसात हे फक्त मला माहीत होतं.

मी आकुर्डीतल्या एका जाहिरात कंपनीत मजकूर लिहिते. संकुलाचं नूतनीकरण झालं, तेव्हा दर्शनी भिंतीवर त्याचा इतिहास लावायचं ठरलं. साहेब पूर्वी इथले व्यवस्थापक. आता निवृत्त, आणि इतिहास समितीचे प्रमुख. मराठी मजकूर त्यांनीच लिहिलेला. माझं काम त्याचं इंग्रजी करणं. "कॉन्व्हेंटची मुलगी आहे," माझ्या बॉसने त्यांना सांगितलं होतं. मी फारसं बोलत नाही, हेही सगळ्यांच्या सोयीचं.

तिसऱ्या फलकावर एक ओळ होती. 'सफाई कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मैदानाचे लाकूड फुगले. तत्कालीन व्यवस्थापकांनी अथक परिश्रमाने ते पूर्ववत केले.'

ती ओळ मी दोनदा वाचली.

तेव्हा मी तिसरीत होते. शाळेची रिक्षा मला संकुलापाशी सोडायची. मी प्रेक्षकांच्या पायऱ्यांपैकी सगळ्यात खालच्या पायरीवर गृहपाठ करायचे आणि आई फ्लोअर पुसायची. अनवाणी. कोरडा मॉप, फळीच्या रेघेरेघेने. खेळाडूंचा घाम सांडला की पिळून पिळून जवळजवळ सुकवलेलं फडकं. पाण्याची बादली ती दाराच्या आत कधी आणायचीच नाही. हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता. तिच्या हातांना कळला होता.

एका मोठ्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी साहेबांनी बागेचा पाइप आत ओढायला लावला. फ्लोअर आरशासारखं चमकायला हवं होतं.

"नका सायेब. लाकूड हाय ते, पाणी पितंय," आई म्हणाली. लातूरकडची तिची बोली.

"तू मला शिकवणार? मार पाणी."

तिने मारलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या बुटांची माती पुसायला तिला कोपऱ्यात उभं केलं. तोच हा फोटो.

तीन दिवसांत फळ्या फुगल्या. कडा वर आल्या, एक खेळाडू अडखळून पडला. साहेबांनी सगळा स्टाफ त्या फळ्यांवर गोळा केला.

"हात जोड. मोठ्याने माफी माग."

आईने मागितली. तेवढ्याने भागलं नाही. त्यांची नजर पायरीवर बसलेल्या माझ्याकडे वळली. टाय, पॉलिश केलेले बूट, मांडीवर वही.

"इंग्लिश मीडियमला जातेस ना? मग तूच सांग. चूक कुणाची?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसतं पाहिलं.

"आईची, सर," मी म्हणाले.

"बघा. शाळा वाया नाही गेली." सगळे हसले.

आईला त्याच दिवशी काढलं. पुनावळ्याच्या खोलीवर पोचेपर्यंत माझं दप्तर नेहमीसारखं तिच्याच खांद्यावर होतं. पुढे चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासत तिने मला शिकवलं. आजही बस संकुलावरून जाताना ती पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघते. त्या दोन शब्दांबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

इतकी वर्षं मला किळस यायची ती टाय लावलेल्या त्या पोरीची. त्या ऑफिसात, वेफर्स चघळणाऱ्या तोंडाकडे बघताना, पहिल्यांदा कळलं. ती आठ वर्षांची होती. साहेब नव्हते.

"झालं का इंग्रजी?" साहेब माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून वाकले. तोंडाला खारट वास. "निष्काळजीपणाला जरा भारी शब्द टाक, बेटा."

शब्द मला येत होता. बोटांवर तयार होता. मी तो टाइप केला नाही. ओढणीच्या कोरड्या टोकाने शेजारच्या, फोटोच्या लॅपटॉपवरचा तेलकट डाग पुसला. आईचं तोंड स्वच्छ दिसलं. मग उठले. आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"फोटो कापायचा नाही. ही माझी आई आहे. याच इमारतीत तुम्ही मला विचारलं होतंत, चूक कुणाची. तेव्हा मी खोटं बोलले. पाणी तुम्ही मारायला लावलंत. चूक तुमची होती, सर. दोन्ही भाषांत मी तेच लिहिणार आहे."