ढालीवरची गोळी

पोट लहान करण्याची बायपास शस्त्रक्रिया मी मुंबईत करून घेतली, तेव्हा महाडात तिचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. बायपास झाली म्हटलं की भेटायला येणारे माझ्या छातीकडेच बघायचे. मग मीही छातीवर हात ठेवून दोन उसासे टाकायचो. एवढी सहानुभूती फुकट का घालवायची?

वजन भराभर उतरलं आणि दासगावच्या ज्या शाळेत मी शिकवतो तिथले जिने धावत चढू लागलो. त्या तोऱ्यात डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्यांना आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या आठवड्याच्या पुडीला मी रजा देऊन टाकली. दुखत काहीच नव्हतं ना!

वर्षानं रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी चष्मा काढला. “मास्तर, तुमच्या अन्नाचा रस्ता आम्ही बदललाय. कॅल्शियम आता पूर्वीसारखं अंगी लागत नाही. रक्ताला कमी पडतं ते शरीर तुमच्या हाडांतून ओढून घेतंय. असंच चाललं तर साधं घसरलात तरी खुबा मोडेल.” दिवसातून तीनदा गोळी, तीही लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मुंबईहून परतीच्या एसटीत महाड येईपर्यंत माझे दोन्ही खुबे ठणकू लागले होते.

तरी विसरायचं ते मी विसरायचोच. त्यात गावी, कापड्याला, उत्सवाचं नाटक आलं. मी राजा. पाठांतराशी माझं कधी जमलं नाही. पडद्याआडून प्रॉम्प्टर कुजबुजेल ते गर्जून म्हणायचं, एवढीच माझी कला. प्रॉम्प्टर माझा चुलतभाऊ. भारनियमनामुळे नाटक दुपारी चारलाच सुरू झालं, आणि चार हीच माझी गोळीची वेळ. बायकोनं विंगेत जाऊन त्याला बजावलं.

दरबार भरला. मी मिशीला पीळ दिला, कान विंगेकडे लावला. कुजबुज आली, “दादा, कॅल्शियमची गोळी घे, वयनी हितं उभी हाय.”

मी प्रधानाकडे बोट रोखून गरजलो, “दादा, कॅल्शियमची गोळी घे! वयनी हितं उभी हाय!”

प्रधान म्हणजे गावातला भातशेतीवाला, एकदम हजरजबाबी. मुजरा करून म्हणाला, “महाराज, माझी हाडं धड हायत. गोळी आपली हाय!”

मांडव हसून कोसळायचा बाकी राहिला. तेवढ्यात शिपाई ढालीवर गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. प्रजेसमोर राजानं ती कडाकडा चावून खाल्ली. टाळ्या पडल्या.

गोष्ट सगळीकडे पसरली आणि त्या दिवसापासून दासगावच्या थांब्यावर, बाजारात, शाळेच्या फाटकात जो तो विचारी, “राजे, गोळी घेतली काय?” नाही म्हणायची सोयच उरली नाही.

तीन महिन्यांनी लॅबमधलं पाकीट मात्र माझ्याच्यानं उघडवेना. बायकोनं उघडलं. आकडे वाचले, मागचा कागद काढून शेजारी धरला, पुन्हा वाचले. मी विंगेकडे लावावा तसा कान तिच्याकडे लावला.

“अगं, बोल की!”

“सगळं जागेवर आलंय,” ती म्हणाली आणि बाकावर मटकन बसली. तेव्हा मला कळलं, घाबरलेला मी एकटाच नव्हतो. दुपारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “छान. गोळ्या मात्र जन्मभर.”

“जन्मभर म्हणजे किती हो?” मी विचारलं.

“गोळ्या जितक्या दिवस खाल, तितका जन्म,” ते म्हणाले.